ओट्याचा दगड आधी, शटरचा रंग नंतर
लातूर-नांदेडकडे बोअरचं पाणी जड. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर त्याचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात; करड्या, ठिपक्यांच्या दगडावर नजरेत येत नाहीत. जमिनीला जवळच्या कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशी उत्तम. घासून पॉलिश केली की पुन्हा नवी, आणि एखादी फुटली तर तशीच दुसरी मिळते. शटरच्या फॅशनमधल्या लॅमिनेटची ती खात्री नाही. भाकरी थापायला शेगडीशेजारी परात बसेल एवढा मोकळा ओटा हवाच. त्याची उंची थापणाऱ्याच्या कोपराच्या चार बोटं खाली ठेवा. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं; म्हणून पिंप-हंड्यांची जागा नकाशातच धरा. मागाहून ठेवलेलं पिंप देखण्या स्वयंपाकघराची वाटच अडवतं.