वैद्यकीय प्रतिमादर्शन कर्मचाऱ्यांचे सेवारंभ प्रशिक्षण

क्ष-किरण, सीटी स्कॅन, एमआरआय, सोनोग्राफी इ. तंत्रांनी शरीराच्या अंतर्भागाच्या प्रतिमा घेणाऱ्या रुग्णालयीन विभागास प्रतिमादर्शन विभाग म्हणतात. या विभागात नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यास तेथील यंत्रे, कार्यपद्धती व सुरक्षा-नियम यांची ओळख करून देणे आणि त्याच्या कौशल्याची प्रत्यक्ष पाहणी करून मगच त्याच्यावर स्वतंत्र काम सोपविणे, या व्यवस्थेस सेवारंभ प्रशिक्षण असे म्हणतात. पदवी वा पदविका अभ्यासक्रमात विषयाचे ज्ञान मिळते. परंतु प्रत्येक रुग्णालयातील यंत्रांची घडण, रुग्णांचे स्वरूप व नोंदींची रीत वेगळी असते. अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष काम यांतील हे अंतर भरून काढणे हा या प्रशिक्षणाचा हेतू होय.

इतिहास : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतरची काही वर्षे ही यंत्रे डॉक्टरांबरोबरच छायाचित्रकार व विद्युत्‌ कारागीरही हाताळीत. किरणांपासून संरक्षणाची कल्पना नसल्याने नळीची चाचणी घेताना स्वतःचा हात किरणांच्या मार्गात धरण्याची प्रथा होती. टॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचा अशा कामातून उद्‌भवलेल्या कर्करोगाने १९०४ मध्ये मृत्यू झाला. क्ष-किरण व रेडियम यांना बळी पडलेल्यांचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हँबर्ग येथे उभारण्यात आले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी पॅरिस येथे १९१६ पासून सु. १५० स्त्रियांना क्ष-किरण यंत्रे चालविण्याचे शिक्षण दिले. या कामासाठी पद्धतशीर प्रशिक्षण देण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक महत्त्वाचा प्रयत्न होय. इंग्लंडमध्ये १९२० साली क्ष-किरण तंत्रज्ञांची संस्था स्थापन झाली, तर अमेरिकेत १९२२ मध्ये परीक्षा घेऊन तंत्रज्ञांची नोंदणी करण्यास सुरुवात झाली.

प्रशिक्षणाची व्याप्ती : प्रशिक्षण केवळ तंत्रज्ञांपुरते मर्यादित ठेवणे हा एक नेहमी आढळणारा दोष आहे. विभागात क्ष-किरण तज्ञ, निवासी डॉक्टर, परिचारिका, नोंदणी लिपिक, कक्षसेवक, आया व सफाई कामगार या सर्वांचा वावर असतो आणि प्रत्येकाच्या कामाशी कोणता ना कोणता धोका निगडित असतो. एमआरआय यंत्राच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. १·५ टेस्ला क्षमतेच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सु. ३०,००० पट तीव्र असते. अतिसंवाहक चुंबकाच्या यंत्रात तपासणी चालू नसतानाही ते क्षेत्र कायम असते. त्यामुळे ‘यंत्र बंद आहे’ हा समज प्राणघातक ठरतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआय कक्षात नेला गेल्याने रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. कक्षाच्या दारापर्यंत रुग्णास आणणाऱ्या प्रत्येकास या धोक्याची माहिती असणे म्हणूनच आवश्यक ठरते. इतर विभागांतून येणारे कक्षसेवक आणि रात्री साफसफाई करणारे कामगार यांचाही त्यात समावेश करावा लागतो.

प्रारण-संरक्षण : क्ष-किरणांसारख्या प्रारणाच्या (तरंगरूपाने पसरणाऱ्या ऊर्जेच्या) सान्निध्यात काम करणाऱ्यास पहिल्या दिवसापासून वैयक्तिक मात्रामापक बिल्ला (टीएलडी) देण्यात येतो. तो छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावावयाचा असतो व काम संपल्यावर प्रारणापासून दूर ठेवावयाचा असतो. काळ, अंतर व आडोसा ही संरक्षणाची तीन सूत्रे शिकविली जातात. प्रारणाच्या बिंदुरूप उगमापासूनचे अंतर दुप्पट केल्यास प्रारणाची तीव्रता सु. एक-चतुर्थांश होते. शिशाच्या ॲप्रनला घडी घातल्यास आतील थराला चिरा पडतात. म्हणून तो टांगून ठेवण्याची सवय लावली जाते. भारतात कर्मचाऱ्यासाठी प्रारणमात्रेची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (प्रारणमात्रेचे एकक) असून कोणत्याही एका वर्षी ती ३० मिलिसीव्हर्टहून अधिक होता कामा नये. सामान्य जनतेसाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. स्त्री कर्मचाऱ्याने गर्भधारणेची माहिती लवकर द्यावी, म्हणजे गर्भाचे रक्षण होईल अशी कामे तिला देता येतात, हेही प्रथमच समजावून सांगावे लागते.

टप्पे : प्रशिक्षण सामान्यतः तीन टप्प्यांनी पुढे जाते. प्रथम नवा कर्मचारी अनुभवी सहकाऱ्याचे काम पाहतो. नंतर त्याच्या देखरेखीखाली स्वतः काम करतो आणि अखेरीस स्वतंत्रपणे करतो. रुग्णाची ओळख दोन प्रकारे पटविणे, डावी-उजवी बाजू चिन्हांकित करणे, स्त्री रुग्णास गर्भधारणेविषयी विचारणे आणि कॉन्ट्रास्ट द्रव्य (प्रतिमेत अवयव उठून दिसावा म्हणून दिले जाणारे द्रव्य) टोचण्यापूर्वी अधिहृषता (ॲलर्जी) व मूत्रपिंडाची स्थिती तपासणे या गोष्टी प्रत्येक टप्प्यावर पाहिल्या जातात. किती दिवस झाले यापेक्षा काय करता येते यावर पुढचा टप्पा ठरावा, हे यातील मुख्य तत्त्व आहे. प्रत्यक्षात मनुष्यबळाच्या टंचाईमुळे नव्या तंत्रज्ञास लवकरच रात्रपाळीस लावले जाते. रात्री अपघातातील गंभीर रुग्ण येतात आणि सल्ला विचारण्यास ज्येष्ठ सहकारी जवळ नसतो. त्यामुळे रात्रपाळी हा प्रशिक्षणाचा आरंभ न मानता त्याची अखेरची कसोटी मानावी लागते.

नवे यंत्र आल्यास वा जुन्या यंत्राची मांडणी बदलल्यास अनुभवी कर्मचारीही त्या यंत्रापुरते नवे ठरतात. अमेरिकेत लॉस अँजेल्समधील एका रुग्णालयात सीटी यंत्राच्या मांडणीत बदल करण्यात आला. त्यामुळे २००८–०९ या काळात मेंदूच्या रक्तप्रवाहाची तपासणी केलेल्या २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सु. आठपट प्रारणमात्रा मिळाली. ही चूक सु. १८ महिने कोणाच्याही लक्षात आली नाही. काही रुग्णांचे केस गळाल्यानंतर ती उघडकीस आली. पडद्यावर दिसणारा मात्रेचा आकडा वाचणे व तो नेहमीपेक्षा वेगळा वाटल्यास काम थांबविणे ही सवय प्रशिक्षणाने लागणे किती महत्त्वाचे आहे, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

समन्वय : विभागप्रमुख, मुख्य तंत्रज्ञ, प्रारण सुरक्षा अधिकारी, आस्थापना शाखा, संगणक विभाग व यंत्रनिर्मात्याचा प्रशिक्षक यांच्याकडे प्रशिक्षणाचे वेगवेगळे भाग असतात. जबाबदारी विभागलेली असली, की प्रत्येकास ते काम दुसऱ्याने केले असावे असे वाटते. यासाठी एका व्यक्तीस समन्वयक नेमतात. प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी कौशल्यांची सूची ठेवणे, शिकणारा व पाहणारा अशा दोघांच्या सह्या घेणे, बिल्ला व संगणकाचा परवाना वेळेवर मिळवून देणे आणि ठराविक काळाने उजळणी घेणे ही समन्वयकाची कामे होत. अपुऱ्या तयारीच्या कर्मचाऱ्यास स्वतंत्र पाळी देण्यास नकार देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसेल, तर सूची केवळ कागदावर राहते.

भारतातील स्थिती : अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये मुंबई येथे स्थापन झाले. निदानीय क्ष-किरण यंत्रांची सुरक्षितता व प्रारण सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता यांविषयीचे नियम या मंडळाने ठरविले. सोनोग्राफीत क्ष-किरण नसले, तरी गर्भलिंगनिदानास कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्ये, तर केंद्र शासनाने १९९४ मध्ये केला. गर्भवतीच्या तपासणीची अपुरी नोंद हेदेखील केंद्रीय अधिनियमाचे उल्लंघन मानले जाते. त्यामुळे नोंदणी लिपिकाचे प्रशिक्षणही तितकेच आवश्यक ठरते. संलग्न आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाची व नोंदणीची एकसूत्री व्यवस्था करण्यासाठी २०२१ मध्ये केंद्रीय अधिनियम संमत झाला. त्याच्या कक्षेत प्रतिमादर्शन तंत्रज्ञही येतात. तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयात पुष्कळदा एकच तंत्रज्ञ असतो व त्याचे काम पाहणारा कोणी नसतो. अशा तंत्रज्ञास प्रारंभी काही आठवडे मोठ्या रुग्णालयात काम करू देणे आणि नंतरही तेथील ज्येष्ठ तंत्रज्ञाशी त्याचा संपर्क ठेवणे, हा उपाय कमी खर्चाचा व व्यवहार्य आहे.