लोणावळ्यात पाणी दिसते, नदी दिसत नाही

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात उसळणारी गर्दी पाण्यासाठीच आलेली असते. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की आपण इंद्रायणीत बसलो आहोत? कुरवंड्याच्या बाजूला उगम पावणारी, देहूला तुकोबांची आणि आळंदीला ज्ञानोबांची म्हणून ओळखली जाणारी नदी ती हीच. हे नाते मनात जुळत नाही, कारण आपण नदीला गाडीतून उतरून एकेका ठिकाणी भेटतो आणि परत फिरतो. तिच्या सोबतीने चालत नाही. म्हणूनच मावळात इंद्रायणीच्या काठाने दिवसभर सावकाश चालता येईल अशी सलग पायवाट हवी, आणि तिचे वरचे टोक लोणावळा शहरात असायला हवे, असे मला वाटते.

धबधब्याखाली उभे राहून कळत नाहीत अशा कितीतरी गोष्टी या वाटेवर कळतील. पहिली म्हणजे पाण्याची फाटाफूट. टाटांनी लोणावळा-वळवणला तलाव बांधले आणि 1915 मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. तेव्हापासून पूर्वेकडे वाहून जाणारे इथले बरेचसे पाणी घाटाखाली सुमारे पाचशे मीटर उतरवून मुंबईसाठी वीज केली जाते. कुरवंड्याच्या परिसरात पडलेला पाऊस त्यामुळे एकीकडे कोकणातून अरबी समुद्राला मिळतो आणि दुसरीकडे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. दुसरी गोष्ट पावसाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यात सातशेच्या आसपास. हा उतार आकड्यांत वाचण्यापेक्षा झाडांत आणि शेतांत पाहावा. पुढे एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची. कार्ल्याच्या शिलालेखांत ‘मामाल’ हे नाव येते आणि मावळाचे नाव त्याच्याशी जोडले जाते. दोन हजार वर्षांपूर्वीही कोकणातून घाट चढून आलेला माणूस याच खोऱ्याने पुढे जात असणार, कारण रेल्वे, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांनाही दुसरी सोपी वाट सापडली नाही. आणि काठावरची भातखाचरे! वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेल्या वाणाला नदीचेच नाव मिळाले. ज्या घरात इंद्रायणी तांदूळ रोज शिजतो, त्या घराने त्या नावाची नदी एकदा तरी काठाकाठाने पाहावी.

धोक्याचा आक्षेप साधा नाही. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. 15 जून 2025 रोजी याच नदीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. असे असताना माणसांना नदीकडे बोलवायचे कशाला, असे कोणी विचारले तर ते योग्यच आहे. पण या दोन्ही दुर्घटना पावसाच्या दिवसांत घडल्या, आणि पूल तर एकाच जागी दाटलेल्या गर्दीने कोसळला. पायवाट माणसांना कित्येक किलोमीटरवर पसरवते, आणि तिचा हंगाम दिवाळीनंतर माघापर्यंतचा. पाणी ओसरलेले, भात कापून झालेले, बांध चालण्याजोगे कोरडे. पावसाळ्यात ती बंदच ठेवावी, यात तडजोड नको.

जमिनीचा प्रश्न अधिक अवघड आहे. काठावर लोकांची शेती आहे, बंगले आहेत. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या बांधावरून वाट काढणे हा अन्याय ठरेल. मात्र गावनकाशांवर जुने पाणंद रस्ते असतातच. ते मोकळे केले, तर वाटेचा काही भाग आधीच हाती येईल. पूररेषेच्या आत काँक्रीटची भिंत किंवा फरसबंदी मुळीच नको. मातीची वाट, दिशादर्शक दगड आणि उंबर-करंजाची सावली एवढे पुरेसे आहे. काठ सुशोभित करण्याच्या नादात नदीचे पात्र आवळले जाते, ही भीती खरी आहे आणि मी तिच्या बाजूने आहे.

राहिला घाणीचा मुद्दा. सांडपाण्याच्या वासात कोण चालेल, असे म्हणतात. पण आळंदीच्या घाटावर फेस तरंगला की बातमी होते, आणि वरच्या अंगाला नाला नदीत कुठे मिसळतो हे बघायला तिथे कोणी नसते. कार्तिकी वारीला आळंदीत लाखो माणसे येतात, ती ऐन चालण्याच्या हंगामात. त्यांच्या स्नानाचे पाणी वरून कोणकोणत्या गावांजवळून येते, हे काठाने चालणाऱ्याला आपोआप दिसेल. सगळी नदी एकदम हाती घेण्याची गरज नाही. मळवली ते कामशेत हा सात-आठ किलोमीटरचा टप्पा आधी व्हावा. दोन्ही टोकांना लोकल थांबते.