मोटारीतील स्मार्टफोन-जोडणी आणि प्रमाणपत्राचे आयुष्य : ‘मिररलिंक’च्या अनुषंगाने

प्रस्तावना

मोटार दहा-बारा वर्षे रस्त्यावर राहते. तिच्या मालकाचा फोन मात्र तीन-चार वर्षांत बदलतो आणि त्या फोनमधील संगणकप्रणालीची नवी आवृत्ती तर दरवर्षी येते. अशा असमान वयाच्या दोन वस्तू एकमेकींशी जोडणे, ही मोटारीतील स्मार्टफोन-जोडणीची मूळ अडचण होय. या जोडणीच्या उत्पादनांना अनुरूपता प्रमाणपत्र मिळवावे लागते, हे सर्वज्ञात आहे. मिळालेले प्रमाणपत्र टिकवावेही लागते, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात मिररलिंक या मानकाच्या आधारे मुख्यतः या दुसऱ्या बाजूचे विवेचन केले आहे.

मानक आणि त्याचे प्रमाणीकरण

नोकिया कंपनीच्या संशोधनातून ‘टर्मिनल मोड’ नावाचे तंत्र पुढे आले. मोटार व फोन उत्पादकांनी २०११ मध्ये कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम हा संघ स्थापन केला आणि तेच तंत्र मिररलिंक या नावाने रूढ झाले. फोनच्या पडद्यावरील चित्र मोटारीच्या पटलावर उमटते व पटलावरील स्पर्श उलट फोनकडे जातो, असे त्याचे स्थूल स्वरूप. पुढे आलेल्या ॲपलच्या कारप्ले (२०१४) आणि गूगलच्या अँड्रॉइड ऑटो (२०१५) या प्रणालींमागे प्रत्येकी एकच कंपनी उभी आहे. मिररलिंकचे तसे नव्हते. कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही कंपनीच्या मोटारीशी जुळावा, हा त्याचा हेतू होता. साहजिकच समोरचा फोन खरोखर मानकाप्रमाणे बनलेला आहे, हे मोटारीने कशावरून मानावे, हा प्रश्न येथे अधिक तीव्र झाला.

त्यावरील उत्तर दोन पातळ्यांवर होते. प्रथम उपकरणाची पातळी. अधिकृत प्रयोगशाळेत फोन अथवा मोटारीतील संच मानकाशी जुळतो किंवा नाही, तसेच इतर कंपन्यांच्या उपकरणांबरोबर तो चालतो किंवा नाही, हे पाहिले जाई. मान्यता मिळालेल्या फोनमध्ये सांकेतिक स्वाक्षरीचे डिजिटल प्रमाणपत्र असे आणि त्या स्वाक्षरीची साखळी संघाच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचे. फोन जोडला की मोटार ही साखळी स्वतः पडताळून पाही.

दुसरी पातळी ॲपची. ही अधिक सूक्ष्म आहे. ‘बेस’ दर्जाचे ॲप वाहन थांबलेले असतानाच वापरता येई. ‘ड्राइव्ह’ दर्जाचे ॲप वाहन चालत असतानाही. चालकाचे लक्ष विचलित होऊ नये यासाठी अमेरिका, युरोप व जपान येथे वेगवेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यामुळे एकाच ॲपला एका प्रदेशात ‘ड्राइव्ह’ दर्जा मिळणे आणि दुसऱ्या प्रदेशात न मिळणे शक्य होते.

प्रमाणपत्र टिकविणे

ॲपचे प्रमाणपत्र त्या ॲपच्या विशिष्ट घडणीशी बांधलेले असे. ॲप बदलले की जुने प्रमाणपत्र त्यास लागू पडत नसे. शिवाय प्रमाणपत्र रद्द तर झाले नाही ना, याची विचारणा फोन ठरावीक कालावधीने संघाच्या सर्व्हरकडे करी. उत्तर मिळाले नाही तर सवलतीची मुदत सुरू होई. ती उलटली की प्रथम ‘ड्राइव्ह’ दर्जा जाई आणि त्यानंतरची मुदत संपल्यावर ‘बेस’ दर्जाही. नॅकच्या पुनर्मूल्यांकनाची तयारी करणाऱ्या महाविद्यालयांना मुदतीचे प्रमाणपत्र काही नवे नाही. पण तेथे समिती काही वर्षांनी एकदा येते, येथे परीक्षक कायमचाच दाराशी बसलेला!

शासकीय मान्यतांचे स्वरूप याहून भिन्न आहे. ब्लूटूथ किंवा वाय-फाय असलेल्या उपकरणास भारतात दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. वाहनांच्या विद्युत्-चुंबकीय सुसंगततेसाठी एआयएस-००४ (भाग ३) हे मानक असून पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था आहे. उत्पादन मान्य नमुन्याप्रमाणेच होत राहावे, एवढी या मान्यतांची मुख्य अपेक्षा असते. उत्पादकाने सुटा भाग बदलला तर प्रश्न उद्भवतो. ग्राहकाने फोन बदलला म्हणून उद्भवत नाही.

सेवेचा अंत

सॅमसंगने जून २०२० मध्ये आपल्या फोनवरील मिररलिंकची सेवा थांबविली. २०२३ मध्ये संघानेही हे तंत्र अधिकृतपणे संपुष्टात आणले. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या व २०१६ मध्ये विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन अमिओ या मोटारीच्या पटलात मिररलिंकची सोय होती. त्या मोटारीच्या आजच्या मालकाचा अनुभव विचारात घ्यावा. मोटारीत काही बिघडलेले नाही, तार शाबूत आहे, पटल उजळते. मात्र नव्या फोनला त्याची भाषाच अवगत नाही. शासकीय मान्यतांना यात कोठेही बाध आलेला नाही, आणि म्हणूनच दाद मागावी तर कोणाकडे, हे स्पष्ट होत नाही. सर्व्हरवर विसंबणारे प्रमाणपत्र सदोष ॲप तत्काळ रोखू शकते, हा त्याचा निर्विवाद गुण आहे. परंतु सर्व्हर किती वर्षे चालविला जाईल, याची हमी मोटारीच्या वॉरंटीप्रमाणे लेखी दिली जावयास हवी होती. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापतात. मोटारीच्या पटलावर ती छापण्याचा प्रघात नाही.

याच संघाने आता ‘डिजिटल की’ हे मानक हाती घेतले आहे. २०१८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत अल्ट्रा-वाइडबँड तंत्राचा समावेश झाला. यात फोन हीच मोटारीची किल्ली ठरते आणि विश्वासाचा आधार पुन्हा डिजिटल प्रमाणपत्रांची साखळी हाच आहे. अशा मोटारींबरोबर अनेक उत्पादक एक एनएफसी कार्ड किंवा नेहमीची किल्लीही देतात.