क्षणजीवी वायूचा माग

मांजर भूल देऊन टेबलावर निजवलेले होते. त्याच्या फुप्फुसधमनीत रक्तदाब मोजणारी नळी बसवलेली होती. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधले दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञ, उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलयेस्ट्रांड, त्याच्या श्वासातला ऑक्सिजन कमी करून काय होते ते पाहत होते. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो त्यांनी जवळपास निम्म्यावर आणला. फुप्फुसधमनीतला दाब चढला. पुन्हा भरपूर ऑक्सिजन दिला, दाब उतरला.

हे विलक्षण होते. ऑक्सिजन कमी पडला की हातापायांतल्या, मेंदूतल्या, हृदयातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जास्त रक्त आत घेतात. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या मात्र आकसत होत्या. मज्जातंतू तोडले तरी त्या आकसतच राहिल्या. म्हणजे हा हुकूम मेंदूकडून येत नव्हता. निर्णय फुप्फुस जागच्या जागी घेत होते. १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दोघांनी त्यामागचे प्रयोजनही सांगितले. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोहोचत नाही, तिथे रक्त पाठवून उपयोग काय? दारं धरणारा शेतकरी भिजलेल्या वाफ्याचे तोंड मातीने बुजवतो आणि पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवतो, तसे फुप्फुस आपले रक्त हवा असलेल्या भागाकडे वळवते.

पण ऑक्सिजन सगळ्याच भागांत कमी असेल तर? मग सगळीच तोंडे एकदम बुजतात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला त्या बंद वाटांवर धडका देत बसावे लागते. उंच पर्वतावर झपाट्याने चढलेल्या गिर्यारोहकाच्या फुप्फुसात पाणी भरते, त्याच्या मुळाशी हेच असते. नवजात बाळाच्या बाबतीत तर हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात, ऑक्सिजन वारेतून मिळतो आणि हृदयातून निघालेल्या रक्ताचा जेमतेम दहावा हिस्सा फुप्फुसांकडे जातो. पहिल्या श्वासाबरोबर त्या आकसलेल्या रक्तवाहिन्या उघडायच्या असतात. काही बाळांमध्ये त्या उघडत नाहीत. रक्त फुप्फुसाला टाळून जुन्याच वाटेने फिरत राहते आणि शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही बाळ निळेच राहते.

१९८०च्या दशकातल्या डॉक्टरांकडे रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे होती, पण ती शिरेतून द्यावी लागत आणि सगळ्या अंगात पसरत. फुप्फुसातला दाब उतरायचा, त्याबरोबर साऱ्या शरीराचा रक्तदाबही कोसळायचा. शिवाय हवा न पोहोचणारे भागही उघडल्याने ऑक्सिजन आणखी खालावण्याची भीती असे. शेवटचा उपाय म्हणजे बाळाचे रक्त शरीराबाहेर काढून यंत्रात ऑक्सिजन मिसळायचा आणि परत आत सोडायचे. फक्त फुप्फुसापुरते काम करणारे औषध हवे होते. ते कुणाकडेच नव्हते.

त्या औषधाकडे जाणारी वाट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, फुप्फुसाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगशाळेत सुरू झाली. रॉबर्ट फर्चगॉट तिथे सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत. ॲसिटिलकोलीन हे रसायन जिवंत प्राण्यात रक्तवाहिन्या सैलावते, पण त्यांच्या पट्ट्या मात्र त्याने आकसत. हे कोडे वर्षानुवर्षे तसेच होते. १९७८मध्ये सहायकाकडून प्रयोगाच्या क्रमात चूक झाली आणि त्याच जातीच्या रसायनाने पट्टी चक्क सैलावली. फर्चगॉट यांनी तो प्रयोग बिघडला म्हणून टाकून दिला नाही. शोध घेताना त्यांच्या लक्षात आले की पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली गेली की त्यावरचा पेशींचा अतिशय पातळ थर निघून जातो. थर शाबूत असेल तर पट्टी सैलावते, नसेल तर आकसते. मग त्यांनी थर नसलेली पट्टी थर असलेल्या पट्टीला लावून ठेवली. ती सैलावली! तो थर काहीतरी सोडत होता, आणि ते शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होते. १९८०मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आले आणि जगभर त्या ‘काहीतरी’चा माग सुरू झाला.

ते हाती लागेना, कारण ते काही सेकंदांतच नाहीसे होई. बाटलीत साठवावे, शुद्ध करावे, तपासावे, इतकी सवडच ते देत नसे. हिमोग्लोबिन जवळ आणले की त्याचा परिणाम तत्काळ थांबे. एक धागा मात्र आधीच कुणीतरी विणून ठेवला होता. व्हर्जिनिया विद्यापीठात फरीद मुराद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये दाखवले होते की नायट्रिक ऑक्साइड हा वायू पेशींमधले एक विकर चेतवतो आणि त्यातून स्नायू सैलावणारा संदेश निघतो. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच वाटेने काम करते.

१९८६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे भरलेल्या परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट मांडली: तो अदृश्य पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. मोटारीच्या धुरात आणि सिगारेटमध्ये सापडणारा विषारी वायू आपल्या रक्तवाहिन्या स्वतः तयार करतात, हे पटणे सोपे नव्हते. पुरावा पुढच्याच वर्षी आला. लंडनजवळच्या वेलकम प्रयोगशाळेत साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने पेशींनी सोडलेला हा वायू थेट मोजला. त्यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत म्हणजे नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ घालून निघणारा प्रकाश मोजणे. हवेचे प्रदूषणही असेच मोजतात. इग्नारो यांनी त्याच वर्षी हे सिद्ध केले ते गाईच्या फुप्फुसातली धमनी आणि शीर घेऊन. शोधाची वाट फुप्फुसापाशी येऊन पोहोचली होती.

पण काही सेकंद टिकणाऱ्या पदार्थाचे औषध कसे करायचे? बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ वॉरन झापोल आणि स्वीडनहून आलेले क्लेस फ्रॉस्टेल यांच्या कामातून उत्तर निघाले. हा वायू शिरेतून द्यायचाच नाही, श्वासातून द्यायचा. वायुकोशातून तो लगतच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरेल, ती सैलावेल आणि रक्तात पाऊल टाकताच हिमोग्लोबिन त्याला गिळून टाकेल. बाकी शरीराला त्याचा पत्ताही लागणार नाही. शिवाय तो हवेबरोबरच जाणार, म्हणजे जिथे हवा आहे तेवढ्याच रक्तवाहिन्या उघडणार. ज्या क्षणजीवीपणामुळे तो वर्षानुवर्षे संशोधकांच्या हातून निसटत राहिला, तोच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरणार होता.

जाग्या कोकरांच्या फुप्फुसातला दाब आधी मुद्दाम वाढवला गेला. मग श्वासात दहा लाख भागांना ८० भागांपर्यंत नायट्रिक ऑक्साइड मिसळला. काही मिनिटांत फुप्फुसातला दाब उतरला. शरीराचा रक्तदाब जागचा हलला नाही. ऑक्सिजन कमी करून आकसवलेल्या रक्तवाहिन्याही तशाच उघडल्या. स्टॉकहोमच्या मांजरात दिसलेले आकुंचन पंचेचाळीस वर्षांनी माणसाच्या ताब्यात आले होते. या प्रयोगाचा निबंध १९९१चा. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयाच्या डॉक्टरांनी फुप्फुसदाबाच्या रुग्णांमध्ये तोच परिणाम दाखवला.

१९९२मध्ये ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात बोस्टन आणि डेन्व्हर या दोन शहरांतल्या डॉक्टरांनी निळ्या पडलेल्या नवजात बाळांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. वायू सुरू होताच बाळांच्या रक्तातला ऑक्सिजन वाढू लागला होता. धोका होताच. हा वायू ऑक्सिजनशी मिसळला की नायट्रोजन डायऑक्साइड हे आणखी जहाल विष तयार होते, आणि तो जास्त झाला तर हिमोग्लोबिन निकामी होऊ लागते. म्हणून मात्रा क्षणोक्षणी मोजणारी उपकरणे लागली. १९९७मध्ये २३५ बाळांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शरीराबाहेरच्या यंत्रावर ठेवाव्या लागणाऱ्या बाळांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर उतरले होते. मृत्यूंच्या संख्येत मात्र ठोस फरक पडला नव्हता, आणि काही बाळांना या वायूने गुण येतच नाही, हेही स्पष्ट झाले. १९९९च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने या वायूला औषध म्हणून मान्यता दिली.

१९९८चे वैद्यकाचे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. मोंकादा वगळले गेले, आणि तो अन्याय होता असे मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. मलाही तसेच वाटते: वायू प्रत्यक्ष मोजणाऱ्याचे श्रेय तो ओळखणाऱ्याहून कमी कसे?

पण या शोधाचे खरे माप पारितोषिकात नाही, बाळांच्या श्वासात आहे. आपल्याकडे हा वायू अजून महाग आहे आणि मुख्यतः मोठ्या शहरांतल्या निवडक रुग्णालयांत मिळतो. त्यामुळे अनेक ठिकाणी डॉक्टर सिल्डेनाफिलवर भिस्त ठेवतात. नायट्रिक ऑक्साइडने पाठवलेला संदेश पुसला जाऊ नये याची काळजी ते औषध घेते. तेही मोलाचेच आहे. तरीही ज्या उपचाराला मान्यता मिळून पाव शतक उलटले, तो जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या नवजात विभागापर्यंत पोहोचायलाच हवा. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. उरलेले काम पैशाचे, यंत्रांचे आणि प्रशिक्षित हातांचे आहे, आणि ते आपल्याला करता येण्याजोगे आहे.