वादळ बंगालच्या उपसागरातलं, सोयाबीन वाशीमचं

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. संध्याकाळी ‘गुलाब’ नावाचं चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. वाहिन्यांवर लाटा, वाकलेले माड, रेनकोटातले वार्ताहर. सोमवारी बातमी आली की वादळाचा जोर ओसरला, आणि पडद्यावरून ते दिसेनासं झालं. मंगळवारी, २८ तारखेला, वाशीमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात एसटी बस वाहून गेली आणि प्रवाशांचे जीव गेले. मराठवाड्यात त्याच दिवशी मांजरा नदीनं काठ सोडला होता. कलिंगपट्टणम ते वाशीम हे अंतर सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटर भरतं. तेवढा पल्ला या वादळाच्या अवशेषानं जमिनीवरून चालत कापला.

वाशीमला समुद्र नाही. पश्चिमेचा किनारा इथून साडेचारशे किलोमीटरवर आणि पूर्वेचा सहाशेच्या आसपास. त्यामुळे चक्रीवादळाविषयी इथे जे समज रुजले आहेत, ते बहुतेक टीव्हीवरच्या कोकणातून आणि ओडिशातून आलेले आहेत. चूक दोन्हीकडून होते. कोणी उगाच घाबरतं, तर कोणी नको तिथे निश्चिंत राहतं. माझ्या मते दुसरी चूक जास्त महाग पडते.

“समुद्र तिकडं, आपल्याले काय होते?”

वाऱ्यापुरतं हे खरं आहे. चक्रीवादळाला ताकद मिळते ती साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेल्या समुद्राच्या पाण्यातून. जमिनीवर आलं की हा पुरवठा तुटतो, खडबडीत भूभागाचं घर्षण वाढतं आणि दिवसभरात वारा पडायला लागतो. ‘गुलाब’ धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात होता. विदर्भ-मराठवाड्यापर्यंत येताना ते पायरी-पायरीनं उतरलं. हवामान खात्याच्या मोजपट्टीत वारा ताशी ६२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल तरच चक्रीवादळ म्हणतात. ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन, ३१ ते ४९ म्हणजे डिप्रेशन आणि त्याखाली नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. वाशीमकरांच्या वाट्याला साधारणपणे शेवटच्या दोन पायऱ्या येतात.

पण ही मोजपट्टी वाऱ्याची आहे, पावसाची नाही. वारा पडला तरी वादळानं समुद्रावरून उचलून आणलेली वाफ जागेवरच असते. ती वर चढून थंड होत राहते आणि पाऊस पाडत राहते. उलट, वाऱ्याचा जोर गेल्यावर ही सगळी व्यवस्था कधी कधी हळू सरकते, आणि हळू सरकणारा पाऊस एकाच ठिकाणी जास्त पडतो. सप्टेंबरअखेरीस जमीन आधीच ओलीचिंब असते. तिच्यातून उठणारी वाफही अशा अवशेषाला तग धरायला मदत करते असं मानलं जातं. म्हणून ‘वादळ विरलं’ या बातमीचा वाशीमसाठी अर्थ एवढाच की वाऱ्याचा धोका गेला. झड लागायची ती अजून लागायचीच असते.

किनाऱ्यावर धडकणं आणि इथे पाऊस पोहोचणं, या दोन्हींत एक-दोन दिवसांचं अंतर पडतं. टीव्हीनं विषय सोडलेला असतो, नेमका त्याच वेळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा बघण्यासारखा असतो. त्यात पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. संकट येणारच असा तांबड्याचा अर्थ नाही आणि काहीच होणार नाही असा पिवळ्याचाही नाही.

शेतकऱ्यासाठी हे दोन दिवस सोन्याच्या मोलाचे. सप्टेंबरच्या शेवटी लवकरचं सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं. उभ्या झाडाच्या शेंगेवरचं पाणी ओघळून जातं आणि वारा लागला की शेंग वाळते. सोंगून वावरात पसरलेलं सोयाबीन मात्र ओल्या मातीवर पडून राहतं. पिकलेल्या सोयाबीनच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसतेच, त्यामुळे ओल आणि ऊब मिळाली की शेंगेतच कोंब फुटतात. जे वाचतं ते काळं पडतं, आणि बाजार समितीत ‘डागी माल’ म्हणून भाव पाडून घेतला जातो. हमीभावाच्या खरेदीला दाण्यातली ओल साधारणतः बारा टक्क्यांच्या आत लागते. इशारा असेल तर सोंगणी थांबवायची, आणि आधीच सोंगलेलं असेल तर उंचवट्यावर सुडी लावून ताडपत्री घालायची, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फक्त इशारा आपल्यासाठी आहे हे आधी पटायला लागतं.

“वादळ मुंबईकडून येते”

बातम्यांत मुंबई मोठी दिसते म्हणून हा समज. प्रत्यक्षात विदर्भाचा मोठा पाऊस पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं पश्चिम-वायव्येकडे सरकत मध्य भारतात येतात. जुलै-ऑगस्टमधले आपले झडीचे दिवस बहुतांशी त्यांचीच देणगी असते. ‘गुलाब’ त्याच वाटेनं आलं, फक्त निघताना जास्त जोरात होतं.

अरबी समुद्रातल्या वादळांची गत वेगळी. त्यातली बरीच ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात. मे २०२१ मधलं ‘तौते’ कोकण किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि गुजरातेत उतरलं. ३ जून २०२० रोजी रायगडात श्रीवर्धन-दिवेआगर भागात घुसलेलं ‘निसर्ग’ मात्र अपवाद ठरलं. ते सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे, पश्चिम विदर्भाच्या दिशेनं विरत आलं.

‘गुलाब’ची पुढची गोष्ट तर कादंबरीत खपणार नाही अशी. महाराष्ट्र ओलांडून त्याचा अवशेष खंभातच्या आखातात पोहोचला, पुढे अरबी समुद्राच्या गरम पाण्यावर पुन्हा जोर धरून ‘शाहीन’ या नव्या नावानं चक्रीवादळ झाला आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळला. एक नाव पाकिस्ताननं सुचवलेलं, दुसरं कतारनं. ही नावं १३ देशांच्या यादीतून येतात. २०२० साली जाहीर झालेल्या यादीत १६९ नावं आहेत. नाव मिळालं म्हणजे वादळ मोठं, असं मात्र नाही. ते ताशी ६२ किलोमीटरची रेषा ओलांडल्याचा तो शिक्का आहे.

“आपली नदी लहान, तिचा काय पूर?”

वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, दोन समुद्रांच्या पाणलोटांच्या कडेवर वसलं आहे. जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व भागातलं पाणी पैनगंगा, पूस, अडाण, अरुणावती यांतून शेवटी गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला जातं. उत्तरेकडे उतरणारी काटेपूर्णा पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी खंभातच्या आखाताला मिळते. म्हणजे ‘गुलाब’चा या उतारावर पडलेला थेंब पुढे वादळाच्याच वाटेनं गेला.

जिथे नद्या उगम पावतात तिथे नाले आखूड आणि उताराचे असतात. मोठ्या नदीचा पूर तासन्‌तास आधी कळतो, वरचं धरण सांगतं, पूल सांगतो. आखूड नाला सांगत नाही. वरच्या बरड्यावर तासभर पाऊस झाला की खाली ऊन असताना लोंढा येतो आणि दोन-तीन तासांत ओसरतोही. तेवढ्या वेळात पलीकडची वस्ती बेट होऊन बसते. शाळा, दवाखाना, दूध संकलन सगळं अलीकडे.

याच ठिकाणी तो घातकी समज काम करतो, की पुलावर गुडघाभरच पाणी आहे, गाडी निघेल. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान मोटार उचलू शकतं आणि दोन फुटांना बहुतेक वाहनांचे पाय सुटतात. शिवाय वरून पाणी दिसतं, खालचा पूल शाबूत आहे की नाही ते दिसत नाही. वजनदार बससुद्धा जाऊ शकते हे दहागावनं दाखवलं. पाणी उतरेपर्यंत थांबणं हाच एक उपाय आहे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

“रात्री ढगफुटी झाली”

ढगफुटीची व्याख्या कडक आहे: वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त. वादळाच्या अवशेषाचा पाऊस असा क्वचित कोसळतो, तो रात्रभर, दिवसभर पडतो. नुकसान कमी म्हणून हे सांगत नाही. शासनाच्या लेखी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी. म्हणजे एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटरपेक्षा जास्त पाणी, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर ओतल्यासारखं. काळ्या भारी जमिनीत ते मुरत नाही, साचतं आणि मुळं गुदमरतात. बरड्यावर थांबत नाही, माती घेऊन जातं. महसुली भाषेत त्याला ‘जमीन खरडून जाणे’ म्हणतात आणि त्याची भरपाई पिकाच्या भरपाईपेक्षा वेगळी असते.

आणि प्रत्येक पूर वादळाचा नसतो. २२ जुलै २०२३ ला यवतमाळच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. तो साधा मोसमी पाऊस होता, चक्रीवादळाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तसंच एप्रिल-मेमधल्या वादळाचं. पत्रे उडवणारं, संत्र्याच्या बागा झोडपणारं, गारा टाकणारं ते वादळ उंच वाढलेल्या एकट्या-दुकट्या ढगाचं असतं. ढगातून खाली आदळणारी हवा चारी बाजूंना सुटते, आणि अर्ध्या तासात खेळ संपतो. त्याचा वारा वाशीमपर्यंत आलेल्या कोणत्याही चक्रीवादळाच्या अवशेषापेक्षा जोरदार असू शकतो. विजाही त्यातच जास्त. तेव्हा झाडाखाली उभं राहू नये आणि ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलमध्ये असावं.

“वादळाचा पाऊस पडला, आता पेरून टाका”

जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं की हा मोह होतो. ‘निसर्ग’ आलं तेव्हा मोसमी पाऊस नुकताच केरळात पोहोचला होता, महाराष्ट्रात यायला ११ जून उजाडला. वादळाचा पाऊस ही त्या वादळाची पुंजी असते, तिच्यामागे मोसमी वाऱ्याचा सलग पुरवठा असेलच असं नाही. म्हणून पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो.

२०२० चा खरीप मात्र वेगळ्याच कारणानं बिघडला, आणि त्यातही वादळांचा हात होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाठोपाठ ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं झाली. दोन्हींपैकी एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलं नाही. ‘क्यार’ तर ओमान-येमेनच्या दिशेनं जाऊन समुद्रातच विरलं. तरीही त्या हंगामातल्या अवकाळीनं राज्यभर सोंगणीला आलेलं सोयाबीन भिजलं, आणि त्यातूनच पुढच्या वर्षीचं बियाणं निघालं. भिजून वाळलेल्या दाण्याची उगवणशक्ती घटते. जून २०२० मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा ढीग लागला, दुबार पेरण्या झाल्या. दिवाळीतल्या वादळाचं बिल मृगात आलं. पावसात सापडलेलं बियाणं वापरायचंच असेल तर ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून पाहावेत. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं म्हणून वापरू नये.

“बहात्तर तासांत फोन केला की विमा मिळते”

२०२१ मध्ये हे बरोबर होतं. पीक विमा योजनेत ‘काढणीपश्चात नुकसान’ असा भाग होता. सोंगून वावरात वाळत ठेवलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत चक्रीवादळ, त्याचा पाऊस आणि अवकाळी यांपासून संरक्षण मिळायचं, अट एवढीच की ७२ तासांत कळवायचं. समुद्रापासून साडेचारशे किलोमीटरवरच्या शेतकऱ्याच्या कागदात ‘चक्रीवादळ’ हा शब्द होता, आणि तो उगाच नव्हता.

खरीप २०२५ पासून राज्यानं एक रुपयातला विमा बंद केला आणि काढणीपश्चात नुकसानीचा हा भागही वगळला. आता खरिपात शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्के आहे, आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. सोयाबीनचा हा प्रयोग दहा बाय पाच मीटरच्या तुकड्यात, उभ्या पिकावर होतो. प्रयोग होऊन गेल्यावर तुमच्या सुडीला कोंब फुटले तर ते त्या सरासरीत येत नाहीत. त्यासाठी उरते ती शासनाची आपत्ती मदत. तिला नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं आणि पंचनामा लागतो. झड थांबल्यावर तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यायच्या आधी सुडी मोडून माल वाळत घातला असेल, तर निदान तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढून ठेवलेले बरे.