सूडाचा हिशेब
अलेक्झांडर द्यूमाची ‘द काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ १८४४ साली पॅरिसच्या दैनिकातून क्रमशः येऊ लागली. डाव्या हातानं लिहिलेल्या निनावी पत्रामुळे निरपराध एडमंड दांतेस १४ वर्षं तुरुंगात सडतो. सुटल्यावर गुप्तधन मिळवून सूड घेतो. शाळेत असताना मी त्या सूडावरच खूश होतो.

पुढे बँकेत माझ्याविरुद्धही निनावी पत्र गेलं. बढती हुकली. अक्षर ओळखीचं होतं. काही वर्षांनी त्याच सहकाऱ्याचा घरकर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अडवणं सहज शक्य होतं. पण मला व्हिलफोरचा लहानगा मुलगा आठवला. बापाच्या पापाचा सूड घेताना त्या पोराचा बळी जातो आणि काउंट हादरतो. आपण कुठवर आलो, हे त्याला तिथं कळतं. म्हणूनच ही कादंबरी उतारवयातही पुन्हा वाचावीशी वाटते.

मी अर्जावर सही केली.