ड्रायव्हिंग टेस्ट रत्नागिरीत देताय? मग चढावर थांबून पुन्हा निघायला शिका

मांडवीचा किनारा समुद्रालगत आणि मारुती मंदिराचा परिसर वर सड्यावर. त्यामुळे रत्नागिरीत रोजच्या कामासाठी गाडी काढली तरी चढ-उतार चुकत नाहीत. समजा, चढावर पुढची रिक्षा अचानक थांबली आणि मागे एक स्कूटर अगदी जवळ उभी आहे. आता ब्रेकवरचा पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे सरकते. नवशिक्या चालकांना सगळ्यात जास्त घाम फुटतो तो इथेच.

लायसन्सच्या टेस्टची तयारी मात्र बऱ्याचदा आठचा आकडा आणि रिव्हर्स यांच्यापुरतीच होते. नियमांची अपेक्षा त्यापेक्षा बरीच जास्त आहे.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये टेस्टमध्ये काय तपासायचं याची यादी आहे. त्यात आरसा नीट लावणं, इशारे देणं, लेन बदलणं आणि रिव्हर्स घेणं आहेच. शिवाय तीव्र चढावर गाडी थांबवून, ती अजिबात मागे न सरकवता पुन्हा पुढे नेता आली पाहिजे. उतारावर पटकन खालचा गिअर टाकता येणंही अपेक्षित आहे. त्यामुळे टेस्टच्या दिवशी चढ आला नाही, तरी तयारीतून तो वगळून चालत नाही.

चढावर गाडी मागे का येते?

दहा मीटर पुढे गेल्यावर साधारण एक मीटर वर नेणारा चढ असेल, तर हजार किलोच्या गाडीला मागे खेचणारी ओढ सुमारे शंभर किलो वजनाइतकी असते. ब्रेक सुटल्यापासून इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचेपर्यंत ही ओढ अडवायला काहीच नसतं. हँडब्रेक नेमका या मधल्या क्षणासाठी वापरायचा.

क्रम असा ठेवा:

१. गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पहिला गिअर टाका.
२. आरशात मागची वाहनं पाहा.
३. थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सावकाश सोडा.
४. इंजिनाचा आवाज जड झाला आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं, की क्लचने पकड घेतली. पाय तिथेच स्थिर ठेवा.
५. आता हँडब्रेक सोडा. गाडी पुढे निघाली की क्लच हळूहळू पूर्ण सोडा.

सरावाला आधी कमी रहदारीचा, सौम्य चढ निवडा. हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरायची सवय मात्र लावू नका, त्याने क्लच प्लेट झिजते.

उतारावर न्यूट्रल का नको?

पेट्रोल वाचेल म्हणून काहीजण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग वेग आवरायचा सगळा भार ब्रेकवर येतो. लांब घाटात ब्रेक तापून त्यांची पकड कमी होऊ शकते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. जुन्या चालकांचा साधा हिशोब आहे: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघणं जास्त कठीण, हे त्यामागचं कारण.

पावसाळ्यात काय बदलतं?

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. वळणांवर लाल मातीही वाहून येते. अशा वेळी ब्रेक वळणाच्या आधी, हळू दाबा. ऐन वळणात नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतरही नेहमीपेक्षा जास्त ठेवा.

टेस्टला जाण्यापूर्वी

• लर्निंग लायसन्स मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी टेस्ट देता येते. या लायसन्सची मुदत सहा महिने असते.
• सराव करताना गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. शेजारी लायसन्स असलेली, गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल अशी व्यक्ती हवी.
• मूळ लर्निंग लायसन्स आणि गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आदल्या रात्रीच एकत्र ठेवा.
• नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीन वेळा नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

तयारी झाली, हे कसं ओळखायचं?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. त्यामुळे चढावर गाडी नेमकी कोणी सावरली, हे शिकणाऱ्याला कळतच नाही. टेस्टची तारीख घेण्यापूर्वी प्रशिक्षकाला एकच विनंती करा: पाय पेडलवर तयार ठेवा, पण धोका दिसल्याशिवाय दाबू नका. मग त्याच चढावर सलग पाच वेळा थांबा आणि निघा. पाचही वेळा गाडी मागे सरकली नाही आणि बंदही पडली नाही, तर तारीख घ्यायला हरकत नाही.